डावी बाही

मी भूगोल शिकवायचे, नारीनच्या शाळेत, एकोणीस वर्षं.
निळा खडू संपला की समुद्र पांढराच काढायचे.
पोरांनी काय, मी काय,
कुणीच तो पाहिलेला नव्हता.

मग देश बदलला. पगाराऐवजी पिठाचं पोतं येऊ लागलं,
पुढे पोतंही येईना.
तेव्हा कापडी नकाशाची गुंडाळी काखेत मारून
बिश्केकला आले, दोर्दोय बाजारात
एक कंटेनर घेतला. अर्धा माझा, अर्धा कालियपाचा,
मध्ये चादर.

इथे दुकानं म्हणजे कंटेनरच. खाली दुकान, वर गोदाम,
लोखंडाच्या गल्ल्या न् गल्ल्या.
कुठल्या कुठल्या बंदरांवरून आलेले,
परतीचं भाडं परवडेना म्हणून इथलेच झालेले.
माझ्याच्या दारावर आकडा आहे,
सहा की आठ, गंज ठरवू देत नाही.
एकदा बिजागरीच्या खाचेत बोट फिरवून मी चाटलं.
खारट.
लोखंड तसंही खारटच लागतं, कालियपा म्हणाली.

तेव्हा बरं चाललं होतं.
काशगरचे ट्रक तोरुगार्तची खिंड चढून यायचे,
आम्ही गाठोडी सोडायचो, पुन्हा बांधायचो,
आणि कझाक, उझ्बेक, सैबेरियातले व्यापारी
पहाटे चारला विजेऱ्या घेऊन हजर.
सोडायचं, बांधायचं. मधल्या गाठीत आमचं पोट.

मग दूर कुठल्याशा टेबलावर सह्या झाल्या,
कझाक बाजूची जकातीची रेघ पुसली,
चीनच्या बाजूची जाड केली.
रेघच ती. वर्गात अशा कितीतरी
ओल्या फडक्यानं मीच पुसल्या होत्या.
दोन महिन्यांत चौथ्या गल्लीत मांजरं झोपू लागली.
कालियपा लेकाकडे रशियात गेली, भांडी घासायला.
चादर राहू दे म्हणाली.

तिच्या अर्ध्यात मी दोन शिलाई मशिनं मांडली.
कापड खिंडीपलीकडचं, दोरा पलीकडचा, चेनी पलीकडच्या,
हात आणि माप अलीकडचं.
नोवोसिबिर्स्कच्या बाईनं तीनशे झगे सांगितले.
झगे तयार. चेनी तोरुगार्तवर, बर्फात.
ड्रायव्हर फोनवर ओरडला,
एजे, इथे किटलीतला चहा गोठलाय, तुला चेनींचं पडलंय!

शनिवारची मुदत. शेवटी
शाळेच्या जुन्या गणवेशांची बटणं शोधून काढली,
तपकिरी, चार भोकांची, डबाभर, कुणा शिंप्याच्या विधवेकडून.
रात्रभर काजं केली. जुमाशच्या बोटांचं रक्त
दोन झग्यांना लागलं, ते धुतले.
बाईनं शिव्या घातल्या, भाव पाडला, माल नेला.

मार्चात तिचाच फोन:
बटणवालेच पाठव. हजार.

आता मशिनं अकरा आहेत. परवा एक मुलगा आला,
गळ्यात ओळखपत्र, हातात प्रश्नांचा कागद.
तुमच्या वाढीचं मुख्य कारण, एका शब्दात?
बर्फ, मी म्हटलं.
त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं, नवकल्पना.

डबा कधीच रिकामा झाला. बटणं आता येतात
काशगरहून, त्याच खिंडीतून.
ऑक्टोबर लागला की मी रोज हवामान ऐकते,
रूबल ऐकते, मग पुन्हा हवामान.

नवी पोर आली आहे, अझिपा, कापायला शिकतेय.
मापाचे तुकडे मी त्या नकाशाचेच केले,
कापड चिवट होतं, पुरलं.
काल तिनं एक उचलून उजेडात धरला,
सगळाच निळा, कडेला बेटांचे दोनचार ठिपके.
एजे, हे काय आहे?

डावी बाही, मी म्हटलं. नीट ठेव,
शिवण सोडून काप.